शिक्षणशास्त्रज्ञ कै. जे. पी. नाईक आणि आपल्या गावची शाळा

आपल्या स्मरणिकेत दरसाल ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पूर्वजाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा संपादक मंडळाने ते काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा मी एक सवलत मागून घेतली. ती अशी की, या वेळी ज्ञातीबाहेरच्या आणि जिल्ह्याबाहेरच्या एका पुरुषाचे चरित्र लिहू द्यावे. मंडळाने ती उदारपणे दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. कै. जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. आपल्या कोहळी समाजाशी त्यांचे कोणतेही नाते नाही. तथापि भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेचे दप्तर उघडावे, तर त्यात या पुरुषाच्या विचाराची खूण सापडल्यावाचून राहत नाही. केंद्रशाळा म्हणा, शाळेचे वार्षिक नियोजन म्हणा, शाळा विकास आराखडा म्हणा, किंवा दहावीनंतर दोन वर्षे व त्यानंतर तीन वर्षे हा आपल्या मुलांच्या शिक्षणाचा आकृतिबंध म्हणा, या सर्वांच्या मुळाशी जे थोडे लोक होते त्यांत नाईक अग्रभागी होते. शिक्षक मंडळींना त्यांचे नाव डी. एड्.च्या पुस्तकात चार ओळींपुरते भेटते आणि परीक्षा संपताच ते विसरले जाते. मीही बरीच वर्षे विसरलो होतो.

नाईक हे त्यांचे मूळ आडनाव नव्हे. ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर संस्थानातील बहिरेवाडी या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव आज आजरा तालुक्यात आहे. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. योगायोग असा की, ५ सप्टेंबर हाच दिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तो अर्थातच डॉ. राधाकृष्णन् यांच्या जन्मदिनामुळे. शाळाशाळांतून त्या दिवशी त्यांच्या तसबिरीस हार घालतात, हे योग्यच आहे. परंतु त्याच तिथीस जन्मलेल्या या दुसऱ्या शिक्षणसेवकाचे नाव माझ्या सबंध नोकरीत शिक्षक दिनाच्या एकाही व्यासपीठावरून माझ्या कानी पडले नाही.

ज्या संस्थानात त्यांचे बालपण गेले तेथे राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला होता. त्या वेळी हा मुलगा दहा वर्षांचा होता. खेड्यातील शेतकऱ्याच्या पोराने शिकले पाहिजे, आणि त्याची सोय करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, ही गोष्ट भारतात फार थोड्या ठिकाणी बोलली जात होती, तेव्हा ती कोल्हापुरात अमलात येऊ लागली होती. पुढे आयुष्यभर नाईकांनी जो एकच ध्यास घेतला त्याचे बीज या हवेत असावे, असे मला वाटते.

पदवीपर्यंतचे शिक्षण झाल्यावर सरळ वाटेने गेले असते तर ते एखादे मोठे प्राध्यापक झाले असते. बुद्धी तीव्र होती आणि स्मरणशक्ती तर विलक्षण होती. परंतु १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ उसळली आणि हा तरुण तिच्यात पडला. भूमिगत राहून काम करताना त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव धारण केले आणि तेच त्यांना कायमचे चिकटले. जे. पी. ही आद्याक्षरे त्या नावाची. घोटगे हे नाव मागे पडले ते पडलेच. कारावासात त्यांनी वेळ फुकट दवडला नाही. ते कानडी भाषा शिकले आणि आजारी कैद्यांची शुश्रूषा करता करता औषधोपचाराचे ज्ञानही त्यांनी मिळविले. या दोन्ही विद्या त्यांना लौकरच उपयोगी पडल्या.

तुरुंगातून सुटल्यावर ते शहराकडे गेले नाहीत. धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी नावाच्या खेड्यात जाऊन राहिले. गाव कानडी, माणसे अनोळखी. तेथे त्यांनी सफाई, औषधपाणी, मुलांची शाळा आणि प्रौढांचे वर्ग ही कामे हाती घेतली. चरित्रकार बहुधा हा भाग घाईने ओलांडतात आणि दिल्लीच्या आयोगाकडे धाव घेतात. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सर्व विचाराचा पाया या खेड्यात घातला गेला. ज्याने गावातील पालकाच्या दारात बसून त्याचे पोर शाळेत का येत नाही हे विचारलेले असते, त्यास कळते की शाळा बांधून दिली म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. पोर गुरे राखते, धाकट्या भावंडास सांभाळते, धान रोवणीच्या दिवसांत बांधावर असते. धारवाडकडे धानाऐवजी दुसरी पिके असतील, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर ते धारवाड जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाच्या कामात शिरले. आजच्या तरुण शिक्षकांस स्कूल बोर्ड ही काय वस्तू होती हे ठाऊक नसेल. मुंबई इलाख्यात जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांचा कारभार अशा मंडळांकडे असे. आपला जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात होता, त्यामुळे आपल्याकडील व्यवस्था निराळी. १९४८ पासून जनपद सभा आणि महाराष्ट्र झाल्यानंतर १९६२ पासून जिल्हा परिषद, असा आपल्या शाळांचा प्रवास आहे. नाईकांना या मंडळाच्या कामातून जमाखर्च पाहण्याची सवय लागली. शिक्षणावर बोलणारे पुष्कळ असतात, परंतु एका मुलामागे खर्च किती, तो कोण देतो, आणि तेवढ्याच पैशात अधिक मुले व अधिक चांगले शिक्षण कसे साधेल, असे मोजून पाहणारे थोडे. नाईक त्या थोड्यांपैकी होते. शिक्षणासाठी बसविलेल्या स्थानिक कराचा इतिहासही त्यांनी लिहून काढला. असा रुक्ष विषय हौसेने कोण घेतो? १९४३ साली सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा जो मोठा इतिहास सिद्ध केला, तो व त्याची विद्यार्थ्यांसाठी केलेली आवृत्ती यांवर पुढे शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यास केला.

याच सुमारास ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत आले आणि तेथे विकासकार्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली. १९४७ साली भुदरगड भागात गारगोटी येथे श्री मौनी विद्यापीठाची स्थापना झाली. तीत डॉ. व्ही. टी. पाटील व नाईक यांचा पुढाकार होता. पाटगावचे मौनी महाराज हे त्या भागाचे श्रद्धास्थान, त्यांचे नाव संस्थेस दिले. गारगोटी हे डोंगराळ मुलखातील गाव. अशा ठिकाणी बालवाडीपासून शिक्षकांच्या प्रशिक्षणापर्यंत आणि शेतीपासून उद्योगापर्यंतचे शिक्षण एका आवारात असावे, आणि त्या आवाराने भोवतालच्या खेड्यांस आपले मानावे, ही कल्पना होती. पुढे भारत सरकारच्या ग्रामीण उच्च शिक्षणाच्या योजनेत ज्या थोड्या संस्था निवडल्या गेल्या, त्यांत विदर्भातून अमरावतीची संस्था होती आणि कोल्हापूरकडून गारगोटीची होती.

येथे एका लहान पुस्तिकेचा उल्लेख मुद्दाम करतो. १९५३ साली भारत सरकारने नाईकांची एकशिक्षकी शाळेवरची पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या शाळेत एकच गुरुजी चारही वर्ग सांभाळतो, तिच्याकडे त्या वेळीही सर्वजण नाक मुरडूनच पाहत. ही तात्पुरती अडचण आहे, सुदिन आले की नाहीशी होईल, असे मानून तिच्यासाठी कोणी काही करीत नसे. नाईकांची दृष्टी निराळी होती. देशात लहान खेडी राहणार, म्हणून लहान शाळाही राहणार. तेव्हा तिला कमअस्सल न मानता अनेक वर्ग एका वेळी कसे शिकवावेत हे शिक्षकास नीट शिकवावे, त्यास साधने द्यावीत आणि शेजारच्या शाळांचा आधार द्यावा. माझी नोकरीची पहिली काही वर्षे जंगलपट्टीतील अशाच एका शाळेत गेली. पाटीवर गणित घालून तिसरीस बसवावे, चौथीस वाचनास लावावे आणि पहिलीचा हात धरून अक्षर गिरवावे, ही कसरत मी पडत झडत शिकलो. अशा विषयावर कोणी पुस्तिका लिहिली आहे हे मला फार उशिरा कळले.

१९५९ साली नाईक दिल्लीस केंद्रीय शिक्षण खात्यात सल्लागार म्हणून गेले. खादीचे कपडे, साधी राहणी आणि पहाटेपासून काम हा त्यांचा क्रम तेथेही सुटला नाही. १४ जुलै १९६४ रोजी भारत सरकारने शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंह कोठारी आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक. २ ऑक्टोबर १९६४ रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, कामास आरंभ झाला आणि २९ जून १९६६ रोजी अहवाल सरकारला सादर झाला. जेमतेम एकवीस महिन्यांत आयोगाने देशभर हिंडून सुमारे ९,००० लोकांशी बोलणी केली आणि २,४०० च्या वर निवेदने वाचली. त्या अवाढव्य कागदांच्या राशीतून जो अहवाल उभा राहिला, त्याच्या लेखनाचा मोठा भार सचिवाच्याच खांद्यावर होता, हे सर्वमान्य आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा, परिसरातील सर्व थरांतील मुलांनी एकाच सार्वजनिक शाळेत शिकावे, शिक्षणास श्रमाची जोड द्यावी, इत्यादी शिफारशी सर्वपरिचित आहेत. दहा, दोन व तीन वर्षांचा आकृतिबंधही त्यातलाच. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. त्या पहिल्या तुकडीत मी मॅट्रिक झालो. त्या वर्षी जुन्या अकरावीची मुले आणि आम्ही नव्या दहावीची मुले एकदमच परीक्षेस बसलो, आणि आमची दहावी खरी की त्यांची अकरावी, यावर गावात बराच काथ्याकूट झाला.

परंतु या लेखात मला ज्या एका शिफारशीविषयी लिहावयाचे आहे ती फारशी गाजली नाही. आयोगाने देशव्यापी शाळा-सुधार कार्यक्रमाची मागणी केली होती. तिचा आशय मी आपल्या समाजाच्या भाषेत सांगतो, म्हणजे तो लौकर ध्यानात येईल.

आपल्या कोहळी पूर्वजांनी गोंड राजांच्या काळापासून भंडारा व चांदा या भागांत तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आपण अभिमानाने सांगतो. (तो तलाव १९९९ च्या विभाजनानंतर गोंदिया जिल्ह्यात गेला आहे, हे खरे. पण म्हणून काही तो आपल्यास परका झाला नाही.) मात्र जाणत्या शेतकऱ्यास ठाऊक असते की तलाव एकदा बांधून पुरा होत नाही. दर पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती घालावी लागते, खेकड्यांनी व उंदरांनी पाडलेली भोके बुजवावी लागतात, सांडवा मोकळा करावा लागतो, पाट साफ करावे लागतात आणि साचलेला गाळ काढून शेतात टाकावा लागतो. ज्यांच्या धानास व उसास ते पाणी लागे तेच हे काम करीत. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नसत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारीबरोबर वेठबिगारही गेली, हे उत्तमच झाले, आणि त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर एक वाईट गोष्टही झाली. तलाव आता सरकारचा आहे, तेव्हा पाळही सरकारनेच दुरुस्त करावी, असे गाव मानू लागले. सरकारच्या कागदावर शेकडो तलाव, हाती माणसे थोडी. दरसालची टोपलीभर माती पडेनाशी झाली आणि तळ्यात गाळ चढत गेला.

नाईकांचे शाळेविषयी नेमके हेच म्हणणे होते. शाळा उघडून दिली, शिक्षक नेमला, म्हणजे ती कायमची झाली असे नव्हे. दरवर्षी प्रत्येक शाळेने, मग ती गरीब असो वा संपन्न, आपण गेल्या वर्षी कोठे होतो हे पाहून स्वतःच्या बळावर एक पाऊल पुढे टाकावे. पैसा लागतो, हे ते जाणून होते. जन्मभर त्यांनी पैशाचाच हिशेब केला. परंतु शाळेतील पुष्कळशा गोष्टी पैशावाचून, केवळ माणसांच्या कष्टाने सुधारण्यासारख्या असतात, ही त्यांची ठाम धारणा होती. मुलांची गैरहजेरी, पहिलीत होणारी गळती, मागे पडलेल्या मुलाकडे वेगळे लक्ष, शुद्ध वाचन, शाळेची स्वच्छता, पालकांशी संबंध या गोष्टी मोठ्या अनुदानाची वाट पाहत नाहीत. म्हणून त्यांनी प्रत्येक संस्थेने स्वतःचे नियोजन स्वतः करावे, ही कल्पना पुढे मांडली व पुढील वर्षांत तिचा सतत पाठपुरावा केला. हे नियोजन म्हणजे वरिष्ठांकडे पाठवावयाची मागण्यांची यादी नव्हे, हे ते पुनःपुन्हा बजावीत. शिक्षक, विद्यार्थी व पालक यांनी मिळून आहे त्या साधनांत काय करता येईल ते ठरवावे, थोडेच ठरवावे, पण ते पार पाडावे.

ही कल्पना निव्वळ पुस्तकी नव्हती. मद्रास राज्यात कामराज मुख्यमंत्री असताना शिक्षण संचालक सुंदरवडिवेलू यांनी १९५८ पासून शाळा-सुधार परिषदा भरविल्या होत्या. गावकऱ्यांनी आपल्या शाळेस काय हवे याची यादी करावी आणि परिषदेत ते स्वतःच देण्याचे कबूल करावे, अशी रीत. कोणी बाके दिली, कोणी विहीर, कोणी खोली, कोणी मुलांच्या दुपारच्या जेवणाचे धान्य. या प्रयोगाने देशातील शिक्षणाधिकाऱ्यांचे लक्ष वेधून घेतले होते.

दुसरी कल्पना शाळा-समूहाची. एका वरिष्ठ प्राथमिक शाळेशी भोवतालच्या सुमारे दहा लहान शाळा जोडाव्यात आणि अशा काही गटांचा आधार एक माध्यमिक शाळा असावी. मोठ्या शाळेची प्रयोगशाळा, पुस्तके व अनुभवी शिक्षक लहान शाळांच्या कामी यावेत. शिक्षकांनी महिन्यातून एकत्र बसून एकमेकांच्या अडचणी सोडवाव्यात. वरून येणाऱ्या तपासणीपेक्षा शेजाऱ्याचा सल्ला अधिक उपयोगी, ही त्यामागची समजूत. रानात एकटा पडलेल्या एकशिक्षकी शाळेच्या गुरुजीस सोबत मिळावी, हा तिचा गाभा होता, असे मी समजतो.

आता या कल्पनांचे आपल्याकडे काय झाले ते सांगतो, आणि आरंभ स्वतःपासून करतो. मी एका शाळेचा मुख्याध्यापक असताना दर जूनमध्ये वार्षिक नियोजनाची वही लिहावी लागे. पहिल्या वर्षी मी ती मनापासून लिहिली. दुसऱ्या वर्षी तीच उतरवून काढली आणि तिसऱ्या वर्षी तर फक्त वर्ष बदलले. शंभर टक्के उपस्थिती हे उद्दिष्ट तिन्ही वर्षी जसेच्या तसे होते, आणि रोवणीच्या दिवसांत वर्ग तिन्ही वर्षी अर्धा रिकामा होता. तपासणीस आलेल्या साहेबांनी तिन्ही वर्षी वहीवर समाधानाचा शेरा मारला. दोष साहेबांचा नव्हे. वही मी लिहिली होती, आणि ती साहेबांसाठी लिहिली होती. चौथ्या वर्षी एका तरुण सहकारी शिक्षिकेने रोवणीच्या काळात शाळेची वेळ सकाळची करावी आणि धाकटी भावंडे बरोबर आणण्यास मुलींना मोकळीक द्यावी, असे सुचविले. पालकांना बोलावून आम्ही ते ठरविले. वर्ग पुरता भरला नाही, परंतु पूर्वीसारखा ओसही पडला नाही. त्या वर्षी वहीत एवढे एकच कलम होते.

सरकारने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९४ साली महाराष्ट्राने केंद्रशाळांची पद्धत सुरू केली आणि राज्यात ४,८६० केंद्रप्रमुख नेमण्याचे ठरले. सुमारे दहा शाळांचे एक केंद्र व शिक्षकांची मासिक परिषद हे नाईकांच्याच शाळा-समूहाचे रूप. ज्या केंद्रात केंद्रप्रमुख स्वतः फळ्याजवळ उभा राहून पाठ घेई, तेथे परिषद गजबजलेली असे. जेथे तो माहितीचे तक्ते गोळा करणारा होऊन बसला, तेथे शिक्षक सही करून चहा पिऊन परतू लागले. पुढे पुढे तक्ते इतके वाढले की पहिल्या प्रकारचा केंद्रप्रमुखही दुसऱ्या प्रकारचा होऊन गेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीस शाळा विकास आराखडा करण्याचे काम दिले, म्हणजे नाईकांच्या संस्थात्मक नियोजनास कायद्याचे स्थान मिळाले. २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला, त्यामागोमाग शाळासिद्धीचे स्वयंमूल्यमापन आले. शाळेने स्वतःच स्वतःस गुण द्यावयाचे, ही कल्पना चांगली. परंतु गुणांवरून शाळेची प्रत ठरू लागली की कोणती शाळा स्वतःस कमी गुण देईल?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळा-समूहाची कल्पना पुन्हा उचलली आणि ती मूळची १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाची असल्याचे नमूद केले, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र २०२३ साली आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. येथे समूह हा शब्द तोच असला तरी अर्थ उलटा होण्याचे भय आहे. नाईकांच्या समूहात लहान शाळा आपल्या गावी राहून मोठीचा आधार घेते. या समूहात लहान शाळा मिटून मुले गाडीने मोठीकडे जातात. मोठ्या शाळेत वर्ग भरलेले, शिक्षक अधिक, खेळास गडी पुरेसे, हे लाभ मी नाकारीत नाही. आठ मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन डाव होत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु नाल्याला पूर आला आणि गाडी चुकली की घरी राहणाऱ्यांत मुलगी पहिली असते, हेही पाहिले आहे. आपल्या समाजाची पुष्कळशी वस्ती ज्या गावांत आहे, त्यांतील कित्येक शाळांचा पट वीसच्या आसपास येऊन ठेपला आहे. तो कमी होण्यास सरकार जितके कारण आहे तितकेच आपणही आहोत. ऐपत येताच आपण मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत बसविली आणि गावच्या शाळेची पाळ वाऱ्यावर सोडली. माझी स्वतःची नातवंडेही त्या गाडीत बसतात. त्यांना बसवू नका असे म्हणण्याची माझ्यात धमक झाली नाही.

नाईकांच्या उत्तरायुष्याकडे वळू. १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली, तिचे ते पहिले सदस्य-सचिव. ते काम त्यांनी १९७८ पर्यंत पाहिले. १९७४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. १९७५ साली समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या हाती न लागणाऱ्या त्रिकोणावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. संख्या वाढवावी तर गुणवत्ता निसटते, गुणवत्ता धरावी तर गरिबाचे मूल बाहेर राहते, हा पेच त्यांनी त्यात उलगडून दाखविला. ज्यांनी पन्नास मुलांचा वर्ग हाताळला आहे त्यांस हा त्रिकोण समजावून सांगावा लागत नाही. १९४८ साली मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ साली त्यांनी पुण्यास नव्याने उभी केली. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक या स्वतः थोर शिक्षणतज्ज्ञ होत्या. शाळेत न गेलेल्या वा शाळा सोडलेल्या खेड्यातील मुलांसाठी सायंकाळचे अनौपचारिक वर्ग पुणे जिल्ह्यात त्यांच्या नेतृत्वाखाली चालले. दिवसा काम करणाऱ्या मुलाकडे शाळेनेच सोयीच्या वेळी गेले पाहिजे, हा उप्पिन बेटगेरीचा धडा अशा रीतीने चाळीस वर्षांनंतर पुन्हा गिरविला गेला. आरोग्याच्या प्रश्नावरही त्यांनी अखेरच्या काळात मोठे काम केले. सर्वांसाठी आरोग्य या विषयावर दोन राष्ट्रीय परिषदांनी मिळून नेमलेल्या गटाचा अहवाल १९८१ साली आला, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांचे शेवटचे पुस्तक शिक्षण आयोग व त्यानंतरचा काळ या विषयावर आहे. मोठ्या पदावरून उतरलेली माणसे बहुधा आपल्या कार्याचे समर्थन लिहितात. नाईकांनी आपल्याच आयोगाची झडती घेतली. कोणत्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या, कोणत्या नुसत्या कागदावर राहिल्या, कोणत्या सरळ बाजूस टाकल्या गेल्या आणि त्यात आयोगाचे स्वतःचे काय चुकले, हे त्यांनी आडपडदा न ठेवता तपासले. पुस्तक इंग्रजीत आहे. एका मुख्याध्यापक मित्राकडून आणून, शब्दकोश शेजारी ठेवून, मी ते एका उन्हाळ्यात हळूहळू वाचले. मॅट्रिकच्या इंग्रजीस ते जड गेले, पण सोडवले नाही.

ते छापून आलेले पाहण्यास लेखक राहिले नाहीत. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि पुस्तक १९८२ साली बाहेर पडले. पुढे युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रे प्रसिद्ध केली. त्यांत महात्मा गांधी व रवींद्रनाथ टागोर यांच्या पंक्तीस बहिरेवाडीच्या या सुपुत्राचेही चरित्र आहे. चित्राताईंनी त्यांच्यानंतर जवळजवळ तीन दशके काम चालविले, त्या योजना आयोगाच्या सदस्याही झाल्या, आणि २०१० साली त्यांचे निधन झाले. पुण्यात कोथरूड येथे भारतीय शिक्षण संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्यास जे. पी. नाईक पथ असे नाव आहे.